हप्त्यावरचा फोन: ‘शून्य टक्के’ ते ‘नो कॉस्ट’

मोबाइलच्या दुकानात हल्ली किमतीआधी हप्ता सांगतात. ‘महिना दोन हजार पडेल ताई, डाउन पेमेंट काही नाही,’ म्हणत एक मुलगा टॅब पुढे करतो. तो दुकानात उभा असतो, पण दुकानाचा नसतो; वित्तकंपनीने बसवलेला असतो. आधार, पॅन, चेहऱ्याचा फोटो, दोन-तीन ओटीपी, खात्यातून दरमहा पैसे कापायची संमती, की फोन हातात. मागच्या दिवाळीत भाचीबरोबर गेले होते. बाहेर पडल्यावर तिला विचारलं, एकूण किती भरायचे आहेत? तिला हप्त्याचा आकडा पाठ होता, एकूण रक्कम सांगता येईना.

अमेरिका-युरोपात महिन्याच्या एकाच बिलात फोनही येतो आणि सेवाही. करार दूरसंचार कंपनीशी असतो. आपल्याकडे ‘महिन्यावर फोन घेतला’ म्हणजे कर्ज घेतलं, आणि सिमकार्डाचा त्या कर्जाशी काही संबंध नाही. असं व्हायला कारणं आहेत.

हप्तेबंदी आपल्याला नवी नव्हती. शिलाई मशीन, पंखा, पुढे स्कूटर आणि रंगीत टीव्ही याच वाटेने घरात आले. मोबाइलचा पहिला मोठा प्रयोग झाला तो २००३च्या पावसाळ्यात. एका बड्या उद्योगसमूहाच्या कंपनीने ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, बाकीचे दरमहा बिलातून द्या, अशी योजना आणली. ते फोन सीडीएमए तंत्राचे. त्यात सिम नसायचं, नंबर फोनमध्येच भरलेला असायचा, त्यामुळे फोन आणि कंपनी यांची फारकत होत नसे. रांगा लागल्या, आणि काही महिन्यांत बिलं थकायला लागली. पत्ते बदललेले, कागदपत्रं कच्ची, आणि ग्राहकाची पत तपासायची सोय तेव्हा जवळपास नव्हतीच. वसुलीचा हा धडा पुढे कुठलीच दूरसंचार कंपनी विसरली नाही.

त्यामुळे २२ ऑगस्ट २००८ला आयफोन ३जी भारतात आला तेव्हा ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. अमेरिकेत तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता. बरेच लोक तेव्हा ‘आपल्याला लुटलं’ म्हणून चिडले. पण तिथल्या ग्राहकाकडून उरलेली किंमत चोवीस महिन्यांच्या बिलातून वसूल होणारच होती. इथे ती वसूल होईल याची खात्री कुणालाच नव्हती. दहातले नऊहून जास्त ग्राहक प्रीपेड. २००९मध्ये सेकंदावर आकारणी सुरू झाली आणि दर कोसळले. दोन सिमचे फोन आले. २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ज्याला आज रिचार्ज केलं नाही तर उद्या दुसरं सिम घालता येतं, त्याच्याशी दोन वर्षांचा करार कोण करणार? ती रिकामी जागा कर्ज देणाऱ्यांनी भरली.

आता वळते त्या निर्णयाकडे, ज्यावर माझ्या मते फार कमी बोललं गेलं. १७ सप्टेंबर २०१३ला, दसरा-दिवाळीच्या तोंडावर, देशाच्या मध्यवर्ती बँकेने बँकांसाठी एक परिपत्रक काढलं. ‘शून्य टक्के व्याज’ ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. क्रेडिट कार्डाच्या शून्य टक्के योजनांमध्ये व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपाने लपवून ग्राहकाकडून घेतलं जातं, आणि अशा योजना भाबड्या ग्राहकाला भुलवण्यासाठी असतात, असंही. सरकारी भाषेत इतकं सरळ वाक्य क्वचित वाचायला मिळतं.

विक्रेते नाराज झाले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: उत्पादकच स्वतःच्या नफ्यातून व्याज भरत असेल, तर ग्राहकाचं काय बिघडलं? त्यावरचं उत्तर परिपत्रकातच होतं. उत्पादकाने किंवा दुकानदाराने सूट दिली असेल तर ती किमतीतून वजा करा आणि उरलेल्या रकमेचं कर्ज द्या. सूट वापरून व्याजाचा दर खोटा कमी दाखवू नका.

हेतू चांगला होता, निदानही बरोबर होतं. पण ‘नो कॉस्ट’चा, म्हणजे ‘जादा खर्च नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हप्त्याचा, जन्म याच वाक्यातून झाला, असं मला वाटतं. कारण आजची नो कॉस्ट ईएमआय नेमकी तशीच चालते. क्रेडिट कार्डावर २४,००० रुपयांचा फोन बारा हप्त्यांत घेतला, हप्ता २,००० आणि बँकेचा दर साल १५ टक्के धरला, तर बँक खरं कर्ज देते सुमारे २२,१६० रुपयांचं. उरलेले सुमारे १,८४० रुपये म्हणजे व्याज. तेवढीच रक्कम बिलावर ‘सूट’ म्हणून दिसते. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं, बेरीज २४,०००. नियम पाळला गेला, शब्द तेवढा बदलला. ‘शून्य टक्के’ म्हणायला बंदी होती, ‘खर्च नाही’ म्हणायला नव्हती.

आणि खर्च असतोच. क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे ३३१ रुपये, ते आपल्या खिशातून. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. शिवाय रोखीने घेणाऱ्याला दुकानदार जे हजार-पाचशे कमी करून देतो, ते हप्त्यावर घेणाऱ्याला बहुधा मिळत नाहीत. हा शेवटचा खर्च कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून मी तो सगळ्यात मोठा धरते. फोन निवडताना दोन दुकानांत ‘रोख दिले तर केवढ्याला?’ एवढं आधी विचारलं तर तो कळतो. हप्त्याचं नाव काढल्यावर विचारलं तर कळत नाही.

परिपत्रक बँकांना उद्देशून होतं. दुचाकीच्या कर्जांपासून सुरुवात करून टीव्ही-फ्रिजमार्गे मोबाइलपर्यंत आलेल्या बँकेतर वित्तकंपन्या, त्यांतली एक मोठी तर आपल्या पुण्याचीच, त्याच्या कक्षेत नव्हत्या. गल्लीतल्या मोबाइल दुकानापर्यंत ईएमआय कार्ड पोहोचवलं ते त्यांनी. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही अशा रिक्षावाल्याला, शिकवणी घेणाऱ्या बाईला, डिलिव्हरी करणाऱ्या पोराला पहिलं कर्ज मिळालं ते फोनसाठी, आणि ‘सिबिल’, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारी पत, हा शब्दही तिथेच कळला. ही सोय खरी आहे. तिच्याशिवाय पुष्कळांकडे आज स्मार्टफोन नसता. पण खात्यात पैसे नसताना हप्ता कापायला आला की वित्तकंपनी दंड लावते आणि बँक वेगळा लावते. एकाच चुकीचे दोन दंड असतात, हे दुकानात कुणी सांगत नाही.

दूरसंचार कंपन्यांनी पुन्हा प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१७मध्ये एका कंपनीने आयफोन ७ ला ७,७७७ रुपये आधी आणि २,४९९चे चोवीस हप्ते, त्यातच पोस्टपेड प्लॅन, अशी योजना काढली. त्यातही उधारी देणारा वेगळाच होता. २०२१च्या दिवाळीत ६,४९९ रुपयांचा एक स्वस्त फोन आला. तो १,९९९ रुपये आणि ५०१ रुपये प्रोसेसिंग फी भरून, डेटा-कॉलसकट १८ किंवा २४ महिन्यांच्या हप्त्यांवर मिळत होता. महिना ३०० रुपयांचा सगळ्यात लहान प्लॅन चोवीस महिने धरला तर बेरीज ९,७०० होते. त्यातली फोनची किंमत किती आणि सेवेची किती, हे वेगळं काढता येत नाही. परदेशी करारांबद्दलची जुनी तक्रार तिथेही हीच आहे.

वसुलीच्या जुन्या दुखण्यावर आता औषधही निघालं आहे: हप्ता चुकला की फोन दुरून बंद करणारं, विक्रीच्या वेळीच फोनमध्ये टाकलेलं ॲप. मध्यवर्ती बँकेने २०२४मध्ये ते थांबवायला सांगितलं, आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये ग्राहकाची संमती घेऊन परवानगी देण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या. फोन म्हणजे फ्रिज नव्हे. डिलिव्हरीच्या पोराचा फोन बंद केला तर पुढचा हप्ता ज्या कमाईतून यायचा तीच बंद होते. आणि ओटीपीच्या घाईत दिलेल्या संमतीला संमती म्हणायचं का, हे अजून ठरायचं आहे.

१ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या, कर्जाबरोबर फी वगैरे सगळं धरून वार्षिक टक्केवारी सांगणारं एक पत्रक, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, देणं बंधनकारक आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी यातून वगळली आहे, म्हणजे कार्डावरच्या हप्त्याला हे पत्रक नाही. भाचीचं कर्ज वित्तकंपनीचं होतं, त्यामुळे तिचं पत्रक मेलवर आलं होतं, इंग्रजीत. घरी आल्यावर आम्ही ते नव्या फोनवरच उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि वार्षिक टक्केवारीचा रकाना शोधला. तिथला आकडा शून्य नव्हता.