४००चा क्रँक, ३५०चा ब्लॉक: ‘३८३’ इंजिनामागची पार्श्वभूमी

अमेरिकेत जुन्या शेवरलेचं इंजिन कमी खर्चात बांधायला काढलं की बोलता बोलता ‘थ्री एटी थ्री’चा विषय निघतोच. ३८३ घन इंच, म्हणजे साधारण ६.३ लिटर. या आकाराचं स्मॉल ब्लॉक इंजिन (शेवरलेचं लहान ठेवणीचं व्ही-८, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं) शेवरलेच्या कुठल्याही गाडीत कारखान्यातून बसून आलेलं नव्हतं. एका इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा दांडा) दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात) घालून ते गॅरेजमध्ये तयार झालं.

ही युक्ती शेवरलेवाल्यांनी शोधलेली नाही. फोर्डचं साइड व्हॉल्व्हचं व्ही-८ इंजिन १९३२ साली आलं आणि महायुद्धानंतर जुन्या फोर्ड पळवणाऱ्या पोरांच्या हाती ते स्वस्तात पडू लागलं. त्याच घराण्यातल्या मर्क्युरी गाडीला १९४९ मध्ये ४ इंच स्ट्रोकचा (पिस्टन वर-खाली जातो त्या अंतराचा) क्रँक मिळाला. फोर्डचा स्ट्रोक पावणेचार इंचच राहिला. अपघातात चेपलेल्या मर्क्युरीचा क्रँक काढून फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसवला की बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) हात न लावता ३.९ लिटरचं इंजिन ४.२ लिटरचं व्हायचं. त्या पिढीत ‘मर्क क्रँक’ एवढंच म्हटलं तरी पुढचं सांगावं लागत नसे.

१९५५ मध्ये एड कोल हे शेवरलेचे मुख्य अभियंता असताना कंपनीचं २६५ घन इंचाचं नवं व्ही-८ बाजारात आलं. मग १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७ आणि १९६७ मध्ये ३५०. आकार वाढत गेला, पण तीन मापं जागची हलली नाहीत. शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ४.४ इंच, क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची ९.०२५ इंच आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. ब्लॉकला बोअर पाडणाऱ्या यंत्रांची रांग या मापांवर बेतलेली असते, ती बदलायची तर अख्खी रांग मोडावी लागते. स्ट्रोक वाढवताना कंपनी पिस्टनमधलं पिनचं (रॉड जिथे जोडला जातो ते) भोक तेवढं वर सरकवायची आणि हिशेब जुळवायची. हा काटकसरीचा निर्णय होता. सामान्य माणसाला स्वस्तात इंजिन बांधता आलं ते माझ्या मते हॉर्सपॉवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा याच निर्णयामुळे.

गॅरेजवाल्यांनी सुरुवात बोअरपासून केली. २८३चा ब्लॉक एक अष्टमांश इंच मोठा बोअर करून ३०१ करायचा. १९६७ मध्ये कंपनीनं जवळपास हेच केलं. ट्रान्स-ॲम शर्यतीत ५ लिटरची, म्हणजे ३०५ घन इंचाची मर्यादा होती. आपल्या कमॅरो झेड/२८ गाडीसाठी ३२७च्या ४ इंच बोअरमध्ये २८३चा ३ इंची स्ट्रोक घातला आणि ३०२ घन इंच झाले. पहिल्या वर्षी अशा ६०२ गाड्या खपल्या. १९६८ आणि १९६९ या दोन्ही वर्षी शर्यतपटू मार्क डोनोह्यूनं शेवरलेला ट्रान्स-ॲमचं अजिंक्यपद मिळवून दिलं, ते याच इंजिनावर.

१९७० मध्ये ४०० घन इंचाचं इंजिन आलं. बोअर ४.१२५ इंच, स्ट्रोक ३.७५ इंच. सिलिंडर इतके मोठे की त्यांच्यामध्ये पाणी फिरायला जागाच उरली नाही. भिंती एकमेकींना जोडूनच ओताव्या लागल्या आणि वाफ निघून जावी म्हणून ब्लॉक आणि हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) बारीक भोकं पाडावी लागली. आतला रॉडही वेगळा, ५.५६५ इंचाचा.

हा आखूड रॉड कागदावर मांडून पाहावा. ३५०चा अर्धा स्ट्रोक ४४.२ मिलिमीटर, रॉड १४४.८ आणि पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंत ३९.६. बेरीज, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, २२८.६. आता ४००: अर्धा स्ट्रोक ४७.६, रॉड १४१.४. पिस्टन ३५०चाच, ३९.६. बेरीज पुन्हा २२८.६. क्रँकनं साडेतीन मिलिमीटर वर ढकललं, तेवढंच रॉडनं खाली ओढलं. म्हणजे ४००चा क्रँक आणि ४००चेच रॉड ३५०च्या ब्लॉकमध्ये घातले, तर ३५०चा दुकानात मिळणारा साधा पिस्टन चालतो. खास पिस्टन बनवून घ्यायचा खर्च वाचतो, आणि छोट्या बजेटमध्ये तोच खर्च सगळ्यात जड असतो.

अडचण होती मेन जर्नलची, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर टेकून फिरतो त्या गोल भागांची. ४००च्या क्रँकचे मेन जर्नल २.६५ इंचांचे, ३५०च्या ब्लॉकला हवेत २.४५ इंचांचे. आपल्याकडे मशीन शॉपमध्ये क्रँक ग्राइंड करतात तो पाव मिलिमीटरच्या पायरीनं. इथे व्यासात पाच मिलिमीटर उतरवायचे. पण झिजलेला क्रँक तसाही ग्राइंडरवर चढणारच होता आणि ब्लॉकही बोअर होणारच होता. नेहमीच्याच कामात थोडी भर. ३५०चा ब्लॉक ३० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज पिस्टनसाठी बोअर केला की बोअर होतो ४.०३ इंच. त्याला ३.७५ इंच स्ट्रोक आणि आठ सिलिंडर, म्हणजे ३८२.७ घन इंच. ३८३ हा आकडा आला आहे रिबोअरच्या एका सर्वसाधारण मापातून.

दोन गोष्टी मात्र विसरून चालत नाहीत. ४००च्या क्रँकचं संतुलन बाहेरून केलेलं असतं, म्हणून पुढचा डॅम्पर (कंपन शोषणारी चकती) आणि मागचं फ्लायव्हील (जड चाक) ४००चंच लागतं. ३५०चं लावलं तर इंजिन हादरत राहतं आणि बेअरिंग खातं. दुसरं असं की लांब स्ट्रोकमुळे रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला लागू शकतो आणि कॅमशाफ्टच्याही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) जवळून जातो. बांधणारा माणूस क्रँक हातानं सावकाश फिरवतो, एकेका रॉडशी थांबतो, जिथे दीड मिलिमीटर फट मिळत नाही तिथे खडूनं खूण करतो. मग सगळं पुन्हा उकलून त्या खुणेवर ग्राइंडर लावतो आणि ब्लॉक धुऊन काढतो. या कामाची घाई पुढे रस्त्यावर भोवते.

आखूड रॉड जास्त तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर अधिक रेटला जातो. त्यामुळे पैसे जमले की लोक ५.७ इंचाच्या रॉडकडे आणि त्याला जुळणाऱ्या पिस्टनकडे वळले. रोज चालवायच्या गाडीसाठी मीही तोच खर्च आधी करीन.

४००चं उत्पादन १९८०मध्ये थांबलं आणि भंगारातले चांगले क्रँक आटत गेले. मग पार्ट बनवणाऱ्यांनी ३५०च्या जर्नलचे, पावणेचार इंच स्ट्रोकचे क्रँक थेट विकायला काढले. पुढे जनरल मोटर्सनंही ३८३चं तयार इंजिन सुट्या पार्टांच्या यादीत आणलं.

१९९७ मध्ये शेवरलेच्या कॉर्व्हेटमध्ये एलएस हे इंजिनांचं नवं घराणं आलं. जवळपास सगळं नवं, सिलिंडरमधलं अंतर मात्र तेच ४.४ इंच. त्याच घराण्यातली ४.८ आणि ५.३ लिटरची इंजिनं १९९९ पासून पिकअपमध्ये आली. दोन्हींचा बोअर ९६ मिलिमीटर. अर्ध्या स्ट्रोकमध्ये फरक साडेचार मिलिमीटरचा आणि रॉडच्या लांबीतही साडेचारचाच, उलट दिशेनं. म्हणून ४.८चा सपाट माथ्याचा पिस्टन ५.३मध्ये खोलगट माथ्याच्या पिस्टनच्या जागी बसतो आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या मिश्रणाची दाबणी) वाढतं.