गॅरेजमधली रांग आणि ‘शिकाऊ’ हा शब्द

ठोकलेल्या गाडीचा पुढचा बंपर, डावा फेंडर आणि डावा दरवाजा. ठोकाठोकी, लांबी (पत्र्यावरचे खळगे भरायची पुट्टी), प्रायमर, रंग आणि फिटिंग मिळून हाताचं काम पंधरा-सोळा तासांचं. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या वर्कशॉपात अशी गाडी टाकली की पंधरवड्यानंतरची तारीख मिळण्यात आता नवल राहिलेलं नाही. मधले काही दिवस विम्याच्या सर्व्हेअरचे, काही सुट्या भागांचे. उरलेले दिवस गाडी नुसती उभी असते, कारण तिच्या पुढच्या टप्प्याचा माणूस दुसऱ्या गाडीवर असतो.

पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात रांग होती ती नवी गाडी मिळवण्यासाठी. नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबणारे लोक दुरुस्तीसाठी मात्र अर्धा दिवसही थांबत नसत. पॉइंट घासून गॅप लावणं, प्लग साफ करणं, कार्बोरेटर उघडून जेट फुंकणं, टायमिंग लावणं हे नाक्यावरचा मिस्त्री करायचा आणि हाताखालचा पोरगा पाना द्यायचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तरी पहिली काही वर्षं हेच चाललं. तिलाही कार्बोरेटरच होता.

रांगेची पहिली मोठी चुणूक मुंबईला २६ जुलै २००५ नंतर दिसली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या एकाच दिवशी बुडाल्या. तोवर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या रस्त्यावर रुळल्या होत्या. बुडालेली गाडी चावी फिरवून पाहायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडायची, प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, ऑइल बदलायचं, सीट आणि कार्पेट बाहेर काढून वाळवायचं, मग इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि वायरिंगचे कनेक्टर एकेक उघडून साफ करायचे. यातलं पहिलं निम्मं काम करणारे हात मुंबईत भरपूर होते. शेवटच्या कलमापाशी मात्र गाड्या अडल्या. ‘मेकॅनिक’ या एका शब्दाखाली दोन वेगळी कसबं आहेत हे तेव्हा गिऱ्हाइकांना पहिल्यांदा कळलं.

त्यानंतरचे बदल भराभर आले. गाडीच्या धुरावर मर्यादा घालणारे ‘भारत स्टेज’ नियम कडक होत गेले: २०१० मध्ये मोठ्या शहरांत बीएस-४, २०१७ च्या एप्रिलपासून देशभर. बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. २०१९ मध्ये एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची, पाठोपाठ शेजारच्या सीटसाठीही. याचा परिणाम इंजिनापुरता राहिला नाही, तो पत्र्याच्या कामात शिरला. आजच्या गाडीचा साधा बंपर काढायचा तर पार्किंग सेन्सरची जोडणी सोडवावी लागते. एअरबॅग फुटलेली असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावता येत नाही, आणि बॅगबरोबर तिचं कंट्रोल मॉड्यूल, धडकेत सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर, स्टीअरिंगखालची वायरची गुंडाळी (क्लॉक स्प्रिंग) हे सगळं तपासावं किंवा बदलावं लागतं. पत्रा सरळ करणाऱ्या डेंटरला हे येत नाही, त्यामुळे इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गाडी थांबते. इलेक्ट्रिशियन सगळ्या वर्कशॉपला मिळून एखाद-दुसरा असतो.

एक माणूस कमी झाल्याने एवढा फरक पडतो का, असं गिऱ्हाईक विचारतं. हिशेब करून पाहावा. समजा, बॉडी शॉपमध्ये (वर्कशॉपच्या पत्रा-रंगाच्या विभागात) रोज ६ गाड्या येतात आणि दोन पेंटर मिळून रोज ७ गाड्या काढू शकतात. एक पेंटर सोडून गेला. दुसरा जादा वेळ थांबून रोज ४ काढतो. दिवसाला २ गाड्या मागे पडल्या. कामाच्या २५ दिवसांत ५० गाड्या साठल्या आणि नव्या गाडीला बारा-तेरा दिवस नुसते रांगेत गेले. आता नवा पेंटर मिळाला असं धरा. क्षमता पुन्हा ७, आवक ६. म्हणजे साठलेल्यांपैकी रोज एकच गाडी कमी होणार आणि रांग संपायला कामाचे ५० दिवस लागणार. महिनाभराची टंचाई तीन महिने जाणवते ती अशी. दरम्यान डेंटर आपलं काम करतच असतात, त्यामुळे प्रायमर मारलेल्या राखाडी गाड्यांनी आवार भरून जातं आणि एक गाडी बाहेर काढायला चार हलवाव्या लागतात.

पेंटरच का अडतो, हे कामाच्या क्रमात आहे. पत्रा ठोकून किंवा वॉशर वेल्ड करून ओढून शक्य तितका सपाट करायचा, कारण लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला की पुढे तडकतो. लांबी सुकली की कडक ठोकळ्यावर सँडपेपर गुंडाळून घासायचं. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खुणा चकाकीत उमटतात. मग टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) प्रायमर, त्यावर ४०० चा पेपर, मेटॅलिक असेल तर ८०० पर्यंत. बेसकोटचे दोन-तीन हात, दर हातामागे दहा-पंधरा मिनिटं थांबून. मग क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, दोन हात आणि बूथमध्ये (रंग मारायच्या आणि भाजायच्या बंद खोलीत) पत्र्याचं तापमान ६० अंशांवर अर्धा तास. फवारणी, थांबणं, भाजणं, थंड होणं धरून बूथची एक फेरी दोन तासांच्या आत बसत नाही. घाई कुठे केली तेही रंगच सांगतो. हातांमधला वेळ खाल्ला तर क्लिअरला बारीक टोचे पडतात, पुसण्यात सिलिकॉनचं पॉलिश राहिलं तर माशाच्या डोळ्यासारखे गोल उठतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली लांबी दमट हवा पिते आणि गाडी घरी गेल्यावर चार-सहा महिन्यांनी फोड येतात. गाडी परत येते आणि त्याच पेंटरच्या रांगेत उभी राहते. हा हात बसायला तीन-चार वर्षं लागतात, शेडचं मॅचिंग जमायला त्याहून जास्त. वर टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. बाहेरची हवा पुरवणारा मास्क नसेल तर दमा जडतो, आणि साध्या कापडी मास्कवर काम करायला लावणारी ठिकाणं अजून आहेत. पोरं पेंटिंगकडे वळत नाहीत, ही तक्रार करण्याआधी हे पाहायला हवं.

मग हे हात पूर्वी कुठून यायचे? उत्तर अवघड आहे. दहा-बारा वर्षांचा पोरगा उस्तादाकडे यायचा, आधी रॉकेलमध्ये भाग धुवायचा, मग पेपर मारायचा, अठराव्या वर्षी रंग फवारायची गन हातात घ्यायचा. पगार जवळजवळ नाही, मार पुष्कळ. ही पद्धत बंद होणं योग्यच होतं. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या धोकादायक यादीत पुढे मोटार गॅरेजही आली, आणि घरचा धंदा वगैरे मोजके अपवाद सोडता १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यावर २०१६ च्या दुरुस्तीने सरसकट बंदी आली. अंमलबजावणी जागोजागी कच्ची राहिली तरी शहरांत ‘छोटू’ कमी होत गेला. प्रश्न एवढाच होता की त्याच्या जागी शाळा संपवून, कायदेशीर वयात येणाऱ्या मुलाला त्याच गॅरेजमध्ये शिकण्याची कोणती सोय केली गेली.

कागदावर ती आधीपासून होती. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. इथे शब्दांचा गुंता सुरू होतो, आणि त्यात गॅरेजवालेच काय, पुष्कळदा कामगार खात्यातले लोकही अडकतात. ‘शिकाऊ’ म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्याला वेतन मिळत नाही, विद्यावेतन मिळतं. भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही. सुरक्षिततेच्या आणि कामाच्या तासांच्या तरतुदी मात्र लागू होतात, आणि करार नोंदलेला असावा लागतो. गॅरेजमध्ये रोज सकाळी झाडू मारणारा, महिन्याला हातावर पैसे घेणारा मुलगा स्वतःला शिकाऊच म्हणतो. कायद्याच्या लेखी तो हेल्पर, म्हणजे अकुशल कामगार, आणि त्याला किमान वेतन द्यायला हवं. मालक त्याला विद्यावेतनाएवढे पैसे देतो आणि हेल्परएवढं काम घेतो. तिसरा प्रकार ‘ट्रेनी’. २०१३ नंतर ‘कमवा आणि शिका’च्या नावाखाली आलेल्या योजनेतून चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत हजारो ट्रेनी लाइनवर उभे राहिले. ती योजना पुढे मागे घेण्यात आली, पण ‘ट्रेनी म्हणजे स्वस्त माणूस’ हा अर्थ मागे राहिला. आता कुठलीही नवी योजना आली की मुलगा आणि त्याचे आईवडील पहिला प्रश्न विचारतात, कायम करणार का? कायद्यात याचं उत्तर साधारणपणे ‘बंधन नाही’ असं आहे.

२०१४ पर्यंत कुठल्या ट्रेडमध्ये (कसबात) किती कामगारांमागे किती शिकाऊ घ्यायचे हे सरकार ठरवायचं आणि न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. प्रत्यक्षात कारखाने तेवढे या जाळ्यात होते. २०१४ च्या दुरुस्तीने तुरुंगवास गेला, दंड उरला, आणि आस्थापनेच्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १० टक्के शिकाऊ घ्यायचे असा पट्टा आला. यादीबाहेरचे ट्रेड आस्थापनेने स्वतः आखण्याची मुभाही मिळाली. २०१६ मध्ये केंद्राने विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, उचलायला सुरुवात केली. २०१९ मध्ये पट्टा १५ टक्क्यांपर्यंत वाढला आणि किमान विद्यावेतन ठरलं: दहावीच्या आतल्याला ५,०००, दहावी झालेल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ७,००० रुपये.

त्याच वेळी उंबरठाही बदलला. ३० किंवा अधिक माणसं असतील तर शिकाऊ घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. चाराची अट आधी सहाची होती, म्हणजे सरकारने ती सैल केली असं सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. पण नाक्यावरच्या गॅरेजमध्ये एक मिस्त्री, एक डेंटर आणि एक हेल्पर असे तीनच असतात. डेंटिंग-पेंटिंगच्या टपरीत दोन. ज्या जागी हे कसब पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, ती जागा कायद्याच्या मोजणीत शिकवण्याची जागाच ठरत नाही. मालकाने ठरवलं, मुलगा दहावी पास, अठरा पूर्ण, विद्यावेतन नियमाने देईन, तरी तीन माणसांच्या गॅरेजला एकट्याने करार नोंदवता येत नाही. या उंबरठ्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एवढ्याशा जागी देखरेख कोण करणार, शिकाऊच्या नावाने पुन्हा छोटूच आणला जाईल. भीती निराधार नाही. पण चार-पाच गॅरेजांनी मिळून एक प्रशिक्षणाची जागा नोंदवायची आणि तपासणी तिथे करायची, ही तोड काढता येईल; अनेक मालकांनी एकत्र येऊन शिकाऊंना प्रशिक्षण देण्याची मुभा कायद्यात आहेच.

मोठ्या वर्कशॉपला सक्ती लागू आहे, तिथे वेगळीच अडचण आहे. बॉडी शॉपचं काम पुष्कळ ठिकाणी ठेक्यावर, पॅनलमागे (दरवाजा, फेंडर अशा एकेका भागामागे) ठरलेल्या दराने चालतं. ठेकेदाराला दर पॅनल पैसे मिळत असतील तर शिकाऊला गन देऊन एक पॅनल बिघडवून घेण्यात त्याचा थेट तोटा आहे. म्हणून शिकाऊ वर्षभर वॉशिंगला, नाहीतर पेपर मारायला राहतो. तो आकडेवारीत ‘प्रशिक्षित’ होतो आणि चाकणच्या लाइनवर जातो, जिथे शिफ्ट ठरलेली, बस येते, कँटीन आहे. ठेकेदार दुसरीकडे गेला की टोळीच जाते, आणि एका सोमवारी वर्कशॉपमध्ये पेंटरच नसतो. २०२० च्या टाळेबंदीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. उत्तर प्रदेश-बिहारमधले कारागीर गावी गेले, काही परतले, काहींनी तिकडेच दुकान टाकलं.

आयटीआयची बाजू थोडक्यात. मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेलचा एक वर्षाचा. बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंगचे एक वर्षाचे ट्रेड यादीत आहेत, पण मुलांचा ओढा इलेक्ट्रिशियन आणि फिटरकडे. इलेक्ट्रिक गाड्यांचा स्वतंत्र ट्रेडही आता आला आहे. २०२४ मध्ये राज्याने आणलेली कार्यप्रशिक्षण योजना सुरुवातीला सहा महिन्यांची होती. सहा महिन्यांत मुलगा मास्किंग टेप नीट लावायला शिकतो.

सध्या रांग तोडण्यासाठी बरीच वर्कशॉप सुटे होणारे भाग, मुख्यतः बंपर आणि आरशांची कव्हरं, बाहेर रंगायला पाठवतात. मेटॅलिक शेडमध्ये यात धोका असतो. गनचा दाब आणि अंतर जरासं बदललं तरी रंगातला धातूचा चुरा वेगळा बसतो आणि बंपर बॉनेटपेक्षा एक छटा गडद दिसतो. तरी पाठवतात, कारण बूथ मोकळा होत नाही. हे भाग जातात ते दोन माणसांच्या त्याच टपरीकडे, जिला एकट्याने शिकाऊ ठेवायची परवानगी नाही.