सेल्फ-लाँच आणि सस्टेनर: पायलन सारखाच, काम वेगळं

पाठीवरची दारं उघडतात, आतून पायलन (मोटरचा घडीचा खांब) उभा राहतो, टोकावरचा प्रॉप (पंखा) फिरू लागतो. रिमोटवर उडणाऱ्या मोठ्या स्केल सेलप्लेनवर, म्हणजे खऱ्या ग्लायडरच्या प्रतिकृतीवर, हे दिसलं की त्याला सरसकट ‘सेल्फ-लाँच’ म्हणायची सवय आहे. पण दिसायला सारख्याच पायलनवर दोन वेगळ्या कामांच्या मोटरी बसतात. एक मोटर विमानाला स्वतःच्या चाकावर जमिनीवरून उठवते, ती सेल्फ-लाँच. दुसरी आधीच हवेत असलेल्या विमानाला थर्मल (वर चढणारी गरम हवा) हरवल्यावर खाली येऊ देत नाही, ती सस्टेनर. जुनं मॉडेल विकत घेताना किंवा परदेशी किट जोडताना यांत गल्लत झाली, तर ती पहिल्याच उड्डाणाच्या वेळी वावराच्या बांधावर जाऊन कळते.

गोंधळाचं मूळ खऱ्या ग्लायडरमध्येच आहे. शेम्प-हिर्थ कंपनीचं आर्कस घ्या. एकच पंख, एकच बॉडी, पण आर्कस एम स्वतः उडतं आणि आर्कस टीला वर नेऊन सोडावं लागतं. एममधलं सोलो कंपनीचं इंजिन सुमारे ५० किलोवॉटचं, टीमधलं त्याच्या निम्म्याहूनही कमी. टीसारख्या टर्बो सस्टेनरमध्ये बहुतेक वेळा थ्रॉटलच नसतो. इंजिन सुरू करायला नाक खाली घालून वेग वाढवायचा आणि हवेनं प्रॉप फिरवायचा. नाकावरच्या घडीच्या प्रॉपची एफईएस (फ्रंट इलेक्ट्रिक सस्टेनर) रचनाही मुळात सस्टेनर म्हणूनच आली, मात्र सायलेंट २ सारख्या हलक्या ग्लायडरला ती जमिनीवरून उठवते. म्हणजे यंत्रणेच्या चेहऱ्यावरून काही ठरत नाही. आणि मॉडेलच्या शेपटीवर ‘एम’ रंगवल्यानं थ्रस्ट (प्रॉपचा पुढे रेटणारा जोर) वाढत नाही, हे वेगळं सांगायला नको.

चढाई सोपी, गवत अवघड

हिशेबासाठी एक मॉडेल धरू: १८ मीटरच्या ग्लायडरची १:३ प्रतिकृती, पंखांचा विस्तार ६ मीटर, क्षेत्रफळ सुमारे १.२ चौरस मीटर, वजन १२ किलो. हे मॉडेल सेकंदाला १२ मीटरच्या आसपास स्टॉल होईल (त्याहून कमी वेगात पंख वजन पेलणार नाहीत), त्यामुळे जमीन सोडताना किमान साडेचौदा मीटर, म्हणजे ताशी ५२ किलोमीटर वेग हवा. हवेत आल्यावर त्याचा ड्रॅग (हवेचा विरोध) जेमतेम अर्धा किलो. सेकंदाला १ मीटरनं चढायचं तर एकूण सव्वा किलो थ्रस्ट पुरतो, ३ मीटरनं चढायचं तर पावणेतीन किलो. इथवर पाहिलं तर दीड किलो थ्रस्टचा सस्टेनरही ‘चढतोय की’ असं वाटतं, आणि हवेत तो खरंच चढतो.

जमिनीवर गणित पालटतं. बारीक कापलेल्या गवतावर चाकाचा विरोध वजनाच्या ८ ते १० टक्के असतो, म्हणजे या मॉडेलला एक ते सव्वा किलो. सस्टेनरच्या दीड किलोतला बहुतेक थ्रस्ट गवतच खातं. विरोध वरच्या टोकाचा धरला, तर उरलेल्या अडीचशे-तीनशे ग्रॅमवर साडेचौदा मीटर वेग गाठायला कागदावरच ४०० मीटरहून जास्त धाव लागते. प्रत्यक्षात तो वेग कधीच येत नाही, कारण वेग वाढेल तसा प्रॉपचा थ्रस्ट घटत जातो. चाळीस-पन्नास मीटरमध्ये उठायचं असेल तर गवताचा विरोध वजा जाऊन वजनाच्या चतुर्थांश थ्रस्ट शिल्लक राहिला पाहिजे. म्हणून, धावताना थ्रस्ट घटणार हे धरून, या १२ किलोच्या मॉडेलला उभ्या जागी साडेपाच किलोच्या आसपास थ्रस्ट हवा. वीजशक्तीत बोलायचं तर सेल्फ-लाँचला १५०० ते २००० वॉट लागतात, सस्टेनरचं काम ४०० वॉटमध्ये भागतं. ‘चढाईला पुरते म्हणजे टेकऑफला पुरेल’ हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे.

आपल्याकडचं मॉडेल यातलं कोणतं, हे पत्रकावर शोधत बसू नका. बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा आणा आणि दोन मापं घ्या. आधी मॉडेल त्याच गवतावर नाकाच्या हुकला काटा अडकवून सावकाश ओढा. सरकताना दिसणारा आकडा हा जमिनीचा विरोध. मग शेपटी काट्यानं खुंटीला बांधा, एकानं बॉडी धरून नाक खाली जाऊ देऊ नका, दुसऱ्यानं प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत न उभं राहता थ्रॉटल पूर्ण द्या. पाच सेकंदांनंतरचा आकडा लिहा, पहिल्या क्षणाचा नव्हे. ताज्या चार्ज केलेल्या लायपोचा (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) पहिला आकडा नेहमी खुशामत करतो. दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरलेला आकडा वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असेल तर सेल्फ-लाँच. दहाव्या हिश्शाखाली असेल तर सस्टेनर, वाद नाही. अधलंमधलं उत्तर आलं तर त्याला सस्टेनरच समजावं. अशा मॉडेलला डांबरी पट्टीवर उडवून दाखवणारे भेटतात, पण पहिल्या उड्डाणाला तो शौक नको.

नागपुरात वेगळं काय

समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीमुळे इथली हवा मुळातच थोडी विरळ, आणि मे महिन्यातल्या ४५ अंश तापमानात दुपारची हवा जानेवारीच्या सकाळपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. तेवढाच थ्रस्ट घटतो, आणि उठायला लागणारा वेगही वाढतो. दोन्ही मिळून धाव चतुर्थांशानं लांबते. जानेवारीत ४५ मीटरमध्ये उठणारं मॉडेल मे महिन्यात ५५ मीटरच्या पुढे जातं. शिवाय बंद बॉडीतला ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) आणि गाडीच्या डिकीत तापलेली लायपो यांचं काही खरं नसतं. बॅटरी थर्माकोलच्या डब्यात सावलीत ठेवा आणि बॉडीत नाकाकडून हवा आत येऊन पायलनच्या खोबणीतून बाहेर पडेल अशी वाट करून द्या. उन्हाळ्यातल्या थर्मलचा मोह खरा, पण पहिलं उड्डाण डिसेंबर-जानेवारीत, धुकं विरल्यावर, सकाळी दहाच्या आत करावं. वावटळी उठायच्या दिवसांत सहा मीटरचा पंख जमिनीवर धरून ठेवायलाच दोन माणसं लागतात.

काळी माती हा त्याहून मोठा प्रश्न. पावसाळ्यानंतर ती चाकाला चिकटून खोबणीत घट्ट बसते आणि चाक आत जात नाही, गेलं तर बाहेर येत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि १०-११ सेंटीमीटर व्यासाचं स्केल चाक भेगेत अडकलं की मॉडेल जागच्या जागी गिरकी घेतं. सोयाबीन काढलेलं वावर दुरून सपाट दिसतं, पण धसकटं फ्लॅपची (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीची) खालची बाजू सोलून काढतात. सेल्फ-लाँचसाठी रोलर फिरवलेली, मुरमाची किंवा गवताची ८० मीटर पट्टी हवीच. सस्टेनरला विमानानं ओढून न्यायचं असेल तरी पट्टी लागते, पण तिथे जोर ओढणाऱ्या विमानाचा असतो.

जागा निवडताना ड्रोन नियम २०२१ विसरू नका. २५ किलोपर्यंतची छंदाची रिमोट मॉडेलं त्यात येतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मर्यादा २०० फुटांची, त्याबाहेर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांची. ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय प्रश्नच नाही. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच असल्यानं नकाशा उघडून अंतर मोजावं. २०० फूट म्हणजे जेमतेम ६० मीटर, आणि तेवढ्या उंचीवर सस्टेनरची पहिली चाचणी करणं शहाणपणाचं नाही. त्यामुळे १२ किलोमीटरच्या बाहेरचीच जागा शोधा.

सेल्फ-लाँचची तयारी

सीजी (गुरुत्वमध्य) दोनदा मोजायचा, पायलन आत असताना आणि बाहेर असताना. आडवा पडलेला पायलन उभा राहताना मोटर वर येते तशी पुढेही सरकते. ६०० ग्रॅमची मोटर ३० सेंटीमीटर पुढे आली तर १२ किलोच्या मॉडेलचा सीजी १५ मिलिमीटर पुढे जातो. किटमध्ये दिलेली मर्यादा दोन्ही स्थितींत पाळली गेली पाहिजे. पायलन आत असताना सीजी मागच्या टोकावर ठेवून ‘चढताना पुढे येईलच’ असं म्हणू नये. विमान उतरणार आहे ते पायलन आत घेऊन.

त्याहून जास्त लक्ष थ्रस्टच्या रेषेकडे हवं. प्रॉप सीजीच्या ३५ सेंटीमीटर वर असेल आणि थ्रस्ट पाच किलो, तर नाक खाली दाबणारा मोठा जोर तयार होतो. मुख्य चाक सीजीच्या पुढे सात-आठ सेंटीमीटर असतं, त्यानं मिळणारा आधार या जोराच्या निम्माच. उभ्या जागेवरून थ्रॉटल एकदम मारला की शेपटी उचलली जाते आणि नाक जमिनीत घुसतं. म्हणून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) पूर्ण वर, थ्रॉटल तीन-चार सेकंदांत सावकाश, आणि शेपटीवर हवा खेळू लागली की एलेव्हेटर हळूहळू मोकळा. थ्रॉटलबरोबर एलेव्हेटर आपोआप वर नेणारा मिक्स (रिमोटमधली जोडणी) लावावाच, पण त्याला मंद गती द्या. मोटर बंद करताना हा मिक्स उशिरा सुटला तर नाक झटक्यात वर जातं, आणि तेही वेग आधीच कमी असताना. मोटर बंद करण्याआधी नाक सरळ करून वेग घ्यायचा, ही सवय मिक्सपेक्षा जास्त कामाची. नाकावर प्रॉप असलेल्या मॉडेलला हा त्रास नाही, मात्र तिथे प्रॉप आणि जमीन यांत चार बोटांचं अंतर राहतं का ते शेपटी उचलून पाहा.

पायलन पूर्ण उभा राहिल्याशिवाय मोटर फिरू नये यासाठी मायक्रोस्विच हवा, आणि आत घेताना प्रॉप उभ्या रेषेत थांबलाय याची खात्री करणारा मॅग्नेट-सेन्सर. ईएससीचा ब्रेक चालू नसेल तर प्रॉप हवेनं फिरत राहतो आणि दारं तोडतो. ही संपूर्ण क्रिया जमिनीवर वीस वेळा करा, त्यातल्या काही वेळा टेबलफॅनचा वारा समोरून देऊन. स्टँडवर नीट चालणारी दारं वाऱ्यात अडकतात.

६एस (सहा सेलच्या) ५००० एमएएचच्या पॅकमधून १७०० वॉट म्हणजे ८० अँपिअरच्या आसपास. जोर तीनेक मिनिटांचा. १०० मीटर चढायला अर्धा मिनिट पुरतो, तेव्हा क्षमता पुरेशी आहे. अडचण व्होल्टेज बसण्याची येते. रिसीव्हरला या पॅकमधून वीज देऊ नका, दोन वेगळ्या बॅटऱ्या आणि बॅकर (एक बॅटरी गेली तर दुसरीवर नेणारा स्विच) लावा. पंखाच्या टोकाला धरणारा माणूस पाच-सहा पावलं पळाला पाहिजे. त्यानं ओढायचं किंवा ढकलायचं नाही, नुसतं समतल ठेवायचं. वीस मीटरमध्ये पंख एलरॉनला (पंख समतल ठेवणाऱ्या टोकाच्या पट्ट्यांना) दाद देत नसेल तर थ्रॉटल बंद.

सस्टेनरची तयारी

इथे पहिल्या उड्डाणात मोटर वापरायचीच नाही. पायलन आत, दारांवर टेपची पट्टी, आणि विमान साधं ग्लायडर समजून उडवायचं. ओढायला ८०-१०० सीसी पेट्रोल इंजिनाचं दणकट विमान हवं. त्यामुळे सगळी तयारी टो-हुकभोवती (ओढायची दोरी अडकवायच्या हुकभोवती) फिरते. दोरीवर पाच-सहा किलोचा ताण देऊन, सरळ आणि बाजूला तिरकी ओढून, सर्वो दर वेळी सोडतो का ते तपासा. ताणाशिवाय सुटणारा हुक ताणाखाली अडकतो, कारण पिन वाकून घासते. टो-रिलीजला वेगळा, हाताला आपोआप सापडणारा स्विच द्या.

मोटर दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणानंतर, ट्रिम (सरळ उडण्याची बारीक जुळवणी) बसल्यावर. उंची १०० मीटर, मैदान वाऱ्याच्या दिशेला हाताशी, आणि पायलन काढायच्या आधीच उतरायची जागा ठरलेली. पायलन उभा राहून मोटर सुरू झाली नाही तर विमान आधीपेक्षा वेगानं खाली येतं. आशेवर बसून पुन्हा पुन्हा स्विच हलवणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. ५० मीटरला प्रयत्न थांबवा आणि पायलन बाहेर असतानाच उतरा, ॲप्रोच नेहमीपेक्षा जवळून, स्पॉइलर (पंखावरचे हवेचे ब्रेक) उशिरा. सस्टेनरचा थ्रस्ट कमी, त्यामुळे नाक दाबण्याचा त्रासही कमी. मिक्स बहुधा लागत नाही, ट्रिमच्या दोन-तीन टिचक्या पुरतात.

रेंज चेक (रिमोटचा सिग्नल किती दूर पोचतो याची तपासणी) दोन्हींना सारखाच, फक्त तो पायलन बाहेर आणि मोटर अर्ध्या थ्रॉटलवर असताना पुन्हा करावा. कार्बनची बॉडी आणि मोटरच्या जाड तारा यांच्यामधल्या अँटेनाची अडचण तेव्हाच उघडी पडते. फेलसेफमध्ये (सिग्नल गेल्यावर लागू होणाऱ्या ठरवलेल्या स्थितीत) मोटर शून्य, स्पॉइलर अर्धे. पायलनचा चॅनेल आहे त्या जागी राहू द्या, कारण सिग्नल क्षणभर गेला म्हणून प्रॉप फिरत असताना पायलन आत ओढला गेला तर बॉडीच कापली जाईल. पहिल्या उड्डाणानंतर ईएससीला हात लावून पाहा, पायलनच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट करा, थ्रेडलॉक सुटलंय का बघा आणि प्रॉपच्या घडीच्या पिना तपासा. सेल्फ-लाँचमध्ये हे दर उड्डाणाला, सस्टेनरमध्ये मोटर चालवली त्या दिवशी.