दहा मीटरच्या आकड्यामागे: स्नॉर्केलिंगच्या स्वस्त कॅमेऱ्याची पार्श्वभूमी

दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीआधी पुण्यातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर येतो: “हा किती मीटरपर्यंत चालतो?” मालवण असो, नेत्राणी असो, अंदमान असो, पसंती बहुतेक वेळा मीटरवरच ठरते. प्रत्यक्षात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लाइफ जॅकेट घालून, ट्यूब धरून तरंगणाऱ्या माणसाने हात पूर्ण खाली नेला, तरी कॅमेरा पाण्यात पाऊण मीटरच्या फारसा पलीकडे जात नाही. जॅकेट काढून डुबकी मारणारा सराईत माणूसही तीन-चार मीटरांवरून परततो. तरी खोक्यावर १०, २०, ३० असे आकडे छापलेले असतात. ते स्नॉर्केलिंगची, म्हणजे तोंडात नळी धरून पृष्ठभागावर तरंगत पाण्याखाली पाहण्याची, गरज पाहून ठरलेले नाहीत.

पाण्यात उतरून छायाचित्रे १८९३ पासून काढली जात आहेत, पण सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या हाती कॅमेरा यायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे गेली. मधल्या काळात, १९६३ मध्ये, नायकोनॉस आला. वेगळ्या पेटीशिवाय पाण्यात जाणारा हा फिल्म कॅमेरा किमतीने आणि हाताळणीने डायव्हरांचाच होता, आणि २००१ मध्ये ती मालिका संपली. सुट्टीवाल्यांसाठीचा ठळक नमुना म्हणजे १९८० चा पिवळा वेदरमॅटिक. ११० ची फिल्म, ५ मीटरची मर्यादा, आणि हातातून सुटला तर तरंगायचा. (हा शेवटचा गुण पुढच्या बहुतेक कॅमेऱ्यांनी सोडून दिला. आज तरंगणारी मूठ वेगळी विकत घ्यावी लागते.) त्यानंतर पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतले एकदाच वापरायचे कॅमेरे आले: २७ फोटो, ८०० आयएसओची फिल्म, १० ते १५ मीटर. उथळ आणि स्वच्छ पाण्यात, भर उन्हात त्यांचे फोटो बरे यायचे.

मीटरची शर्यत सुरू झाली ती डिजिटल कॅमेऱ्यांत. २००५ चा ऑप्टिओ डब्ल्यूपी दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकायचा, आणि तेवढेच तो सांगायचाही. २००६ मध्ये एका स्पर्धक मॉडेलने ३ मीटर जाहीर केले, २००७ मध्ये त्याच घराण्याने १० मीटर. दोन वर्षांत मर्यादा साडेसहा पटींहून वर गेली. पुढे २०१२ च्या टीजी-१ मध्ये १२, पुढच्याच वर्षी टीजी-२ मध्ये १५, २०१७ मध्ये कूलपिक्स डब्ल्यू३०० चे ३०, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचे ३१. तीसनंतरच्या त्या एका मीटरने कोणत्या ग्राहकाची अडचण दूर झाली, हे सांगणे कठीण आहे. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून मारायच्या डुबकीच्या, पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादाच १८ मीटर असते.

या काळात चित्र टिपणारा सेन्सर मात्र फारसा वाढला नाही. बहुतेक मॉडेलांत तो १/२.३ इंचाचा, आणि लेन्स आतल्या आत आडवी दुमडलेली, म्हणजे कमी प्रकाश घेणारी. गढूळ पाण्यात फोटो मार खातो तो इथे. टीजी मालिकेने एफ/२ ची, म्हणजे जास्त प्रकाश घेणारी, लेन्स आणि लेन्सपासून अवघ्या १ सेंटिमीटरवर होणारा फोकस दिला. मर्यादा १५ मीटरवरच थांबवूनही ती मालिका टिकली, आणि २०२३ मध्ये टीजी-७ आला. तेव्हाची जाहीर किंमत ५५० डॉलर, म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाच्या बाहेर. ३०-३१ मीटरवाले बाजारातून उठले.

खरा वाद झाला तो हेल्मेटवर किंवा हँडलवर लावायच्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यांत, आणि तो केस, म्हणजे बाहेरची जलरोधक पेटी, काढून टाकण्यावरून. गोप्रो या कंपनीचा २००४ चा पहिला नमुना फिल्मचा होता. तिचा पुढचा डिजिटल हिरो पारदर्शक केसमध्ये बसत असे: मागे झाकण, त्याभोवती रबरी कडी, वर खटका. केसची मर्यादा ४० ते ६० मीटर, आतला कॅमेरा मात्र पावसालाही घाबरणारा. सुरुवातीच्या केसची काच घुमटासारखी होती आणि पाण्याखाली फोटो कायम अस्पष्ट यायचे, कारण घुमटामागे पाण्यातल्या वस्तूची प्रतिमा अगदी जवळ पडते आणि ठरलेल्या फोकसच्या लेन्सला ती पकडता येत नाही. २०१२ च्या पिढीपासून काच सपाट झाली. सेकंड-हँड बाजारात त्याआधीचे मॉडेल मिळाले तर पहिल्यांदा काच पाहावी.

२०१५ मध्ये हिरो४ सेशन आणि २०१६ मध्ये हिरो५ आला, आणि केस गेली. कॅमेरा स्वतःच १० मीटरपर्यंत पाण्यात जाऊ लागला. निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे: आवाज स्वच्छ येतो, वजन घटते, टचस्क्रीन वापरता येते, काचेवर आतून वाफ धरण्याचा त्रास बराच कमी होतो. दुचाकीवर किंवा ट्रेकला जाणाऱ्यासाठी हा बदल चांगलाच होता. स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यासाठी तितका नाही, कारण धोका एका जागेहून दुसऱ्या जागी सरकला. केस होती तेव्हा कडी एकच होती, ती काढता, धुता, बदलता येत होती. केस गळली तर पाणी आधी केसमध्ये दिसायचे आणि लगेच वर येऊन कॅमेरा वाचण्याची थोडीफार शक्यता उरायची. आता बॅटरीच्या आणि चार्जिंगच्या दारामागचे बारीक रबर हाच एकमेव पहारेकरी. ते दार मालक रोज दोनदा उघडतो, तेही वाळूवर बसून, ओल्या बोटांनी.

कॅमेऱ्यांत पाणी शिरते ते खोलीमुळे क्वचित, दारामुळे जवळजवळ नेहमी. रबरावर पडलेला वाळूचा एक कण, डोक्याचा केस किंवा टॉवेलचा धागा पुरतो. खटक्याची खूण अर्धवट दिसत असूनही दार बंद आहे असे वाटते. आदल्या दिवशीचे मीठ वाळून रबराच्या कडेला खडे होतात. आणि पुण्यातून निघताना गाडीत चार्जिंग सुरू ठेवायला जे भोकाचे ‘पास-थ्रू’ दार लावलेले असते, ते तसेच राहून कॅमेरा पाण्यात जातो. हे दार पाण्यासाठी नसतेच. काही मॉडेलांत लेन्सवरची काच फिरवून निघते आणि तिच्याखालीही रबर असते. ती काढून फिल्टर लावला तर मीटरचा आकडा लागू राहील असे गृहीत धरू नये.

मग दहा मीटरचा उपयोग काय? ‘हात जोरात हलवला की दाब दुप्पट होतो’ असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. सेकंदाला २ मीटर वेगाने हात फिरवला तर वाढणारा दाब जेमतेम २० सेंटिमीटर पाण्याइतका. दोन मीटर उंचीच्या होडीवरून उडी मारली तर साधारण २ मीटरइतका. पण जेट स्की किंवा बनाना राइडवरून ताशी ४० किलोमीटरने पाण्यात आपटलात तर तो ६ मीटरच्या घरात जातो. म्हणजे दहाचा आकडा वाया नाही. तो नव्या, स्वच्छ रबरावर, स्थिर पाण्यात मोजलेला असतो एवढेच. तीन उन्हाळे गाडीच्या डॅशबोर्डवर काढलेल्या रबराला तो लागू नाही. बाकीच्या पुष्कळ कंपन्यांनीही केस सोडली आणि ११, १६, १८, २० मीटर असे आकडे चढवले. उलट २०२४ मध्ये गोप्रोचा २०० डॉलरचा छोटा हिरो आला तो ५ मीटरचा. त्याची बॅटरी निघत नाही, म्हणजे ती बदलण्यासाठी दार उघडण्याचा प्रश्नच नाही. स्नॉर्केलिंगपुरते पाहिले तर हा उतरलेला आकडा आधीच्या चढलेल्या आकड्यांपेक्षा जास्त समंजस वाटतो.

फोनचे प्रकरण याच काळातले. २०१३ मध्ये एका जपानी कंपनीने फोन थेट पाण्याखाली धरलेला दाखवून विकला आणि २०१५ मध्ये स्वतःच तसे करू नका म्हणून सांगितले. फोनवरच्या आयपी६७ या पाणी-धूळरोधक दर्जाची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, १ मीटरवर, ३० मिनिटांची असते. आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनीच ठरवते. खारे पाणी दोन्हींत नाही. २०२० मध्ये इटलीत एका कंपनीला अशाच जाहिरातींवरून १ कोटी युरोंचा दंड झाला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात दुसरीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, कारण समुद्रात किंवा पोहण्याच्या तलावात भिजलेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला की पोर्ट गंजत होता. फोन थेट समुद्रात नेऊ नये, हा मुद्दा तिथेच निकालात निघायला हवा होता.

राहिली ती काही हजारांत मिळणारी, गोप्रोसारखी दिसणारी केसवाली यंत्रे. २०१४ च्या आसपास एसजे४००० या मॉडेलने ही वाट मोठी केली. त्यांची टिंगल होते, पण केसमध्येच राहिल्यामुळे समुद्रात ती बऱ्याच महागड्या कॅमेऱ्यांइतकीच तग धरतात. फसवणूक असते ती चित्राच्या बाबतीत. खोक्यावरचे ‘४के’ पुष्कळदा १०८० चे ताणलेले रूप असते आणि ‘१६ मेगापिक्सेल’ हेही तसेच. अशा कॅमेऱ्यात १०८० ला ६० फ्रेम लावून ठेवाव्यात. धक्क्यांत हलणारे चित्र निदान पाहण्यासारखे येते.

पाण्याने स्वतःचे नियम बदललेले नाहीत. सपाट काचेमागे सगळे सुमारे एक तृतीयांश मोठे आणि पाव अंतराने जवळ दिसते, म्हणजे रुंद कोन अरुंद होतो. लाल रंग पाच मीटरांत बहुतेक संपतो, आणि मोजायचे ते पृष्ठभागापासून माशापर्यंत अधिक माशापासून लेन्सपर्यंतचे अंतर. मीटरभर खोलीवर लाल फिल्टर लावून फोटो गुलाबी करण्यात अर्थ नाही. ॲक्शन कॅमेऱ्याचा फोकस साधारण ३० सेंटिमीटरपासून पुढे ठरलेला असतो, तर मालवणच्या पाण्यात मीटरभरापलीकडचे चित्र धुरकट होते. कामाचा पट्टा एवढाच, हातभराचा. अंदमानात तो कितीतरी पटींनी लांबतो, म्हणून तिथले फोटो पाहून इथल्यासाठी कॅमेरा निवडणाऱ्यांची निराशा होते. फ्लॅश दोन्हीकडे बंद ठेवावा, नाहीतर तरंगणारे कण बर्फ पडल्यासारखे चमकतात. उत्तम पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे अखेर ते ऑगस्ट अखेर कोकणात जलक्रीडा बंदच असतात.

केसवाला कॅमेरा घेणाऱ्या पुणेकराने एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे. इथे बंद केलेल्या केसमधली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी दाबाची असते. पाच बाय सात सेंटिमीटरच्या झाकणावर हा फरक दोन किलोंच्या आसपास भरतो, त्यामुळे मालवणला झाकण निघता निघत नाही. खटका तुटण्याचे हे एक कारण आहे. नख किंवा चाकू घालून उचकटले की कडीही कापली जाते. वाहतुकीत झाकण सैल ठेवावे. कॅमेरा आत घालून केस बंद करायची ती मुक्कामाच्या एसी खोलीत, सिलिका जेलची ताजी पुडी ठेवून, आणि किनाऱ्यावर उघडायचीच नाही. भर दुपारी दमट हवा आत कोंडली, कॅमेरा तापला आणि केस पाण्यात गेली की काचेवर आतून वाफ धरते.

कडीला लावायचे सिलिकॉन ग्रीस मागताना तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत घोळ होतो. त्याच नावाने हीट सिंकला लावायची पांढरी पेस्ट हातात पडते. ती कडीला लावू नये. हवे ते पारदर्शक ग्रीस, तेही दिसेल न दिसेल एवढेच. कडी सिलिकॉनचीच असेल तर हे ग्रीसही तिला फुगवू शकते, म्हणून केससोबत आलेलेच वापरावे. अंगभूत वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांच्या दारातल्या रबराला काहीच लावायचे नसते. तिथे फक्त मऊ, धागे न सुटणारे कापड, आणि वर्षातून एकदा सील बदलण्याची शिफारस. पाण्याबाहेर आल्यावर बंद कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे बुडवून ठेवायचा, बटणे दाबून मीठ सोडवायचे आणि पूर्ण वाळल्यावर दार उघडायचे. नळाची जोराची धार दारावर सोडायची नाही. नव्या केसची परीक्षा मात्र पुण्यातच करता येते: आत टिश्यू पेपर, केस बंद, वर वजन, अर्धा तास बादलीत. टिश्यू ओला झाला तर मालवणला नेण्यात अर्थ नाही.

मालवणला पुष्कळ पॅकेजांत फोटो आणि व्हिडिओ धरलेलेच असतात, त्यामुळे एका सहलीसाठी खरेदी न करणारेही आता बरेच. पुण्यात ॲक्शन कॅमेरा भाड्याने मिळतो. पाण्यामुळे झालेले नुकसान कोण भरणार, हे पावतीवर लिहून घ्यावे, दार उघडून रबराची भेग पाहावी, आणि पास-थ्रू दार लावलेले आढळले तर मूळ दार मागून घ्यावे.