जुन्या मळ्यावर फलक आणि पायवाट: पैसा कुठून आणायचा आणि कशावर घालायचा

(ग्रामपंचायती, ट्रस्ट आणि वाडवडिलांचा मळा राखून असलेल्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक)

‘बोर्ड केवढ्याला पडेल?’ हा प्रश्न फलक आणि पायवाटा करणाऱ्या आमच्या सातारच्या वर्कशॉपमध्ये रोज येतो. सरपंच विचारतात, ट्रस्टचे सचिव विचारतात, शनिवारी पुण्याहून गावी आलेला एखादा मुलगा आजोबांच्या विहिरीचे फोटो मोबाईलवर सरकवत विचारतो. दर आम्ही सांगतोच. पण त्याआधी आमचा उलटा प्रश्न असतो: पाचव्या वर्षी तो बोर्ड पुसणार कोण? समोरून बहुतेक वेळा नुसतं हसू येतं. त्या हसण्यामुळेच हे पत्रक छापावं लागलं.

फलक बसवायला पैसा मिळतो. नारळ फुटतो, फोटो निघतात. दोन पावसाळे गेले की फलकाभोवती कमरेएवढं गवत, एक स्क्रू गायब, कोपऱ्यातून पाणी आत शिरलेलं. तेव्हा मात्र ग्रामपंचायतीकडे त्या नावाचा रुपया नसतो. म्हणून आमचा आग्रह असा की निधी मागाल तेव्हाच सांभाळण्याचाही मागा, आणि तो कुठून येऊ शकतो, कुठून येऊ शकत नाही, हे आधी समजून घ्या.

जुना मळा म्हणजे काय

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असेल. सातारच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ (इसवी सन १७१९ ते १७२४) मध्ये बांधून घेतलेली. ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, अष्टकोनी, आत दगडी महाल. लोक येतात, महालात फोटो काढतात आणि जातात. पण ही मुळात शेतीची जागा आहे, आमराईला पाणी द्यायला बांधलेली. मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी, तिच्या नावातच आहे आणि नेमकं मोट म्हणजे काय, हेच आता पोरांना सांगावं लागतं.

आपल्या गावची विहीर एवढी मोठी नसेल. तरी धाव (मोटेच्या बैलांची उतरण) असेल, फुटकं का होईना थारोळं (मोटेचं पाणी पडायचं कुंड) असेल, पाटाची ओळ असेल. कुठे खळं, कुठे गुऱ्हाळाची चुलवण, सांगलीकडे हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरसारखी जागा तर वेगळीच. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे कैद्यांची शेतीवसाहत वसवली, तीही भिंतीवाचून. अशा ठिकाणी दगडापेक्षा हकीकत मोठी असते आणि फलकावाचून ती कळायचा दुसरा मार्ग नाही.

आधी सातबारा

निधीच्या मागे लागण्याआधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. सरकारी पैसा खासगी सातबाऱ्यावर सहसा उतरत नाही. विहिरीवर चार भावकीची नावं असतील तर चौघांची लेखी संमती आधी घ्या. तोंडी ‘करा की’ म्हणणारा चुलता काम सुरू झाल्यावर आडवा येतो, हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

दुसरं, जागा संरक्षित स्मारक आहे का? केंद्र संरक्षित असेल तर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला विचारल्याशिवाय एक खड्डासुद्धा घ्यायचा नाही. फलकाचा खांब रोवणं हाही खड्डाच. संरक्षित नसेल तर परवानगीचा त्रास कमी, पण जबाबदारी सगळी आपली.

पैसा कुठून

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करू. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या गरजा. त्यातून एखादा फलक निघतो, पायवाट निघणं अवघड. तरीही काम गावाच्या विकास आराखड्यात आलं पाहिजे आणि ग्रामसभेचा ठराव हवा. तो ठराव पुढच्या प्रत्येक दारात दाखवावा लागतो.

मोठं सरकारी दार म्हणजे जिल्हा नियोजन समिती. जागेला ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा ही समितीच देते आणि दर्जा मिळाला की रस्ता, पायवाट, बसायची जागा, फलक यांना तिथून निधी मागता येतो. इथे एकच अडचण, मार्चएंड. मंजुरी हिवाळ्यात आणि ‘३१ मार्चच्या आत बिल द्या’ असा निरोप. घाईत टाकलेला मुरूम नीट दबत नाही आणि घाईत लिहिलेला मजकूर चुकतो. मजकूर, चित्रं आणि मोजमाप हे मंजुरीची वाट न बघता आधीच तयार ठेवा. त्याला फारसा पैसा लागत नाही. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी पायवाट, फरशी, रेलिंग अशा पक्क्या कामांना धरा, गवत काढायला नको.

आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. याबद्दल गैरसमज फार. लोकांना वाटतं, सीएसआर म्हणजे मुंबईच्या बड्या कंपन्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावेच लागतात. तिसरा निकष नीट बघा. सरासरी नफा ५ कोटी असेल तर वर्षाला १० लाख. एवढ्या नफ्याचा कारखाना आपल्याच एमआयडीसीत असू शकतो आणि त्याचा मालक आपल्याच तालुक्यातला. शिवाय कंपनीची ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, निर्णय संचालक मंडळच घेतं. म्हणजे दोन-तीन माणसांना पटलं की काम झालं.

ऐतिहासिक वास्तू आणि जागांचं जतन कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्जात ‘पर्यटन विकास’ लिहिण्यापेक्षा ‘वारसा जतन’ लिहा, कारण अनुसूचीत तोच शब्द आहे. मात्र पैसा घेणाऱ्या ट्रस्टकडे आयकर खात्याची १२अ आणि ८०जी (ट्रस्टला आणि देणगीदाराला करसवलत देणारी) नोंदणी, सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. कालपरवा काढलेला ट्रस्ट चालत नाही. तसं असेल तर तालुक्यातल्या जुन्या संस्थेला सोबत घ्या. आणि कंपनीकडे एप्रिल-मेमध्ये जा, वर्षाचा आराखडा तेव्हा ठरतो. फेब्रुवारीत गेलात तर खाली राहिलेलं मिळेल.

आता पाचव्या वर्षाच्या प्रश्नाकडे येऊ. ‘एवढी रक्कम द्या, आम्ही ठेव ठेवू आणि व्याजावर देखभाल करू’ असं सीएसआरकडे मागता येत नाही. ट्रस्टच्या कायम निधीला दिलेला पैसा २०२१ पासून सीएसआरमध्ये धरला जात नाही. पण काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च करता येतो, म्हणजे त्या काळातली देखभाल त्यात बसते. त्यानंतरची ठेव गावाने उभी करायची. यात्रेला मुंबईकर मंडळी येतात तेव्हा पावतीपुस्तक काढा. दोन हजारांच्या वरची देणगी चेकने किंवा ऑनलाइन घ्या, रोखीवर त्यांना आयकरात सवलत मिळत नाही.

समजा, एकूण अंदाज सहा लाखांचा आहे. आम्ही तो साधारण असा मांडू: पायवाट ३,२५,०००, फलक १,४०,०००, मजकूर, चित्रं आणि जुन्या माणसांकडून माहिती काढणं ४५,०००, देखभालीची ठेव ९०,०००. (हे कोटेशन नव्हे, प्रमाण कळावं म्हणून दिलेला नमुना आहे.) ९० हजारांवर सहा-साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला साडेपाच-सहा हजार. त्यात दिवाळीआधी एकदा आणि उन्हाळ्यात एकदा गवत काढणं, फलक धुणं, निघालेले स्क्रू बसवणं होतं. ‘ते ९० हजार पण पायवाटेत टाका की’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक बैठकीत असतोच. त्याला चहा पाजा, पण ऐकू नका.

फलकावर काय लिहायचं

ग्राहक मजकूर घेऊन येतात तो बहुतेक वेळा असा असतो: ‘सदर विहीर ही प्राचीन स्थापत्यकलेचा उत्कृष्ट नमुना असून पर्यटकांनी येथील पावित्र्य राखावे.’ हे वाक्य कुठल्याही विहिरीवर लावता येतं, म्हणून ते कुठलीच विहीर दाखवत नाही.

मागे एका मळ्यावर आम्ही असं लिहिलं:

‘तुम्ही उभे आहात ती उतरण म्हणजे धाव. बैल इथून खाली जात तेव्हा नाडा ताणला जाई आणि चामड्याची मोट भरून वर येई. मोटकरी नाड्यावर बसे, त्याच्या वजनाने बैलांचा भार हलका होई. मोट वर आली की सोंदूर सोंडेला ओढून धरी आणि पाणी थारोळ्यात कोसळे. मग बैल वळत नसत. तसेच मागे मागे चढत.’

पन्नासेक शब्द. (नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेचा बारीक दोर.) बैल उलटे चालत, हे वाचून पोरं स्वतः धावेवर उलटी चालून बघतात. आम्हाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नको.

हे शब्द आम्ही पुस्तकातून आणले नाहीत. त्या मळ्यावर तरुणपणी मोट हाकलेले एक आजोबा होते, इंजिन येईपर्यंत. त्यांनी काठीने जमिनीवर रेघा ओढून सगळं दाखवलं. आपल्या गावात असं माणूस असेल तर निधी मिळो न मिळो, या आठवड्यातच मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.

आमची एक चूकही सांगतो. एका बारवेच्या शिलालेखात शके १७१२ होतं आणि आमच्याकडून छापलं गेलं इसवी सन १७१२. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १७९० हवं होतं. उद्घाटनाला आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी सगळ्यांसमोर ते दाखवलं. फलक आम्ही स्वखर्चाने बदलला. तेव्हापासून शिलालेखाचा फोटो आणि वाचन दोन्ही हातात आल्याशिवाय आम्ही छपाई करत नाही.

देणगीदारांची नावं जरूर टाका, पण खाली, लहान अक्षरात. मोटेपेक्षा मोठा फोटो कुणाचाही नको. यावरून आमची दोन-तीन कामं गेली आहेत, ती जाऊ देत.

साहित्याचं थोडक्यात: व्हिनाईलचं स्टिकर सगळ्यात स्वस्त, पण उन्हात लाल रंग आधी उडतो. महाबळेश्वर-जावळीच्या पावसात त्याच्या कडा सुटतात, माण-खटावच्या उन्हात ते तडकतं. स्टीलवर कोरलेली अक्षरं किंवा काळ्या दगडावरची कोरीव अक्षरं महाग पडतात, पण पुन्हा छापावी लागत नाहीत. फलक कमरेच्या उंचीवर, वाचणाऱ्याकडे कलता ठेवतो. व्हीलचेअरवरून येणाऱ्यालाही वाचता येतो आणि मागची विहीर झाकली जात नाही.

पायवाट

सगळ्यांना पेव्हर ब्लॉक हवे असतात. जुन्या मळ्यावर ते पेट्रोल पंपासारखे दिसतात, असं आमचं मत आहे आणि ते आम्ही ग्राहकासमोरच सांगतो. दाबलेला मुरूम आणि कडेला खडबडीत घडवलेला काळा दगड सर्वात बरा. गुळगुळीत फरशी पावसात घसरते. रुंदी १२०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. जिथे व्हीलचेअर न्यायची तिथे चढ १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जुन्या दगडाला सिमेंट लावू नका. पायवाट उद्या उचलली तर खालचं जुनं जसंच्या तसं सापडलं पाहिजे. धावेवर तर काहीच टाकू नका, धाव हीच बघायची वस्तू आहे.

सांगलीकडच्या ग्राहकांसाठी एक सूचना. हरिपुरातल्या हळदीच्या पेवांचं २००५ आणि २०१९ च्या पुरात मोठं नुकसान झालं. जुनं पेव वरून सपाट दिसतं, खाली पोकळ असतं. पेवाच्या तोंडावरून किंवा अगदी जवळून पायवाट नेऊ नका. आधी सगळी तोंडं शोधून खुणा करा, मग आखणी. आणि बंद पेवात कुणालाही उतरवू नका, आत हवा नसते. जुनी माणसं पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवत आणि कंदील सोडून बघत, तो विझला तर उतरत नसत. हीच माहिती फलकावर लिहिली तर ती सूचनाही होते आणि इतिहासही.

आमच्याकडे येताना

सातबारा, ग्रामसभेचा ठराव झाला असेल तर त्याची प्रत, जागेचे चार बाजूंनी फोटो आणि जुनी माहिती असलेल्या माणसाचं नाव एवढं पुरे. जागा बघायला पहिली फेरी आम्ही पैसे न घेता करतो आणि शक्यतो जुलैमध्ये करतो. कोरड्या दिवसांत सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. पाणी कुठून येतं, कुठे साचतं आणि पायवाट कुठून न्यायची हे पावसातच कळतं. बरोबर यायचं असेल तर जुने बूट घाला, मळ्यातला चिखल पांढऱ्या बुटांवरून निघत नाही.