‘बाळाकडे बघ, सगळं विसरशील’ हा उपाय नव्हे

बाळंतपणानंतर रडू आवरत नाही अशा बाईला वर्षानुवर्षं हेच ऐकवलं जातं: होतं असं, आपोआप जाईल. हे अर्धंच खरं आहे. पहिल्या काही दिवसांतला हळवेपणा साधारण २ आठवड्यांत ओसरतो. त्यापुढेही उदासी टिकली, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, मायेची कमतरता नाही.

बाळ गाढ झोपलंय, अंग थकून गेलंय, तरी आई रात्री ३ वाजता छताकडे बघत टक्क जागी. ही झोप बाळाने मोडलेली नाही. अशा खुणा हेरायला १० प्रश्नांची ‘एडिनबर्ग’ प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे.

‘नुसतं बोलून काय होणार?’ हे वाक्य तर मला फार टोचतं. समुपदेशनात ‘मी वाईट आई आहे’ हा विचार नीट तपासला जातो, नवऱ्याशी बदललेल्या नात्यावर बोललं जातं, आणि त्याने खरोखर गुण येतो. गरज पडली तर अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देतात. मात्र स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, भास झाले, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही.