शिसं शोधायचा पैसा वेगळा, शिसं काढायचा वेगळा

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कॉलेजची पोरं हळद, पाणी आणि खिडकीतल्या धुळीचे नमुने घ्यायला आली की एक प्रश्न ठरलेला असतो. "सगळं घिऊन चाललाव, पण आमचा पाइप कवा बदलून देताव?" पोरं एकमेकांकडे बघतात. पाइप बदलायला त्यांच्याकडे रुपयासुद्धा नसतो. याच्या उलटही घडतं. ग्रामपंचायतीनं नवी पाइपलाइन टाकली की शिकलेला कुणीतरी ग्रामसेवकाला विचारतो, "याच्यानं लेकरांच्या रक्तातलं शिसं कमी झालं का?" आता ग्रामसेवक गप्प. त्याला लाइन किती मीटर टाकली आणि बिल किती झालं तेवढं विचारा, तो तोंडपाठ सांगेल.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त ते चुकीच्या माणसाला विचारलेत. घरातल्या आरोग्याच्या धोक्यांवर, म्हणजे शिसं, चुलीचा धूर, पाण्यातलं फ्लोराइड, भिंतीची ओल यांच्यावर, सरकारचा पैसा दोन वाटांनी येतो. एक संशोधनाचा, दुसरा योजनेचा. बातमीत दोन्ही 'कोटींचा निधी मंजूर' असेच दिसतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

आधी शिशाबद्दल थोडं. शिसं शरीराला कशासाठीच लागत नाही, आणि रक्तात अमुक इतकं असलं तर चालतं अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. ताप नाही, पुरळ नाही, त्यामुळे आई-बापाला पत्ताही लागत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज होता. त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. आपल्याकडे ते येतं कुठून? जुना ऑइलपेंट, कल्हईच्या कथलात मिसळलेलं शिसं, घरामागे बॅटऱ्या फोडायचा धंदा, काही काजळं, रंग दिलेली हळद, शिसं घातलेले पीव्हीसी पाइप. कायदे झालेत. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पाइपांसाठी २०२१ चे नियम आले. पण तुमच्या घरात यातली नेमकी कुठली वाट चालू आहे, हे कायदा सांगत नाही. ते शोधून काढणं हे संशोधनाच्या पैशाचं काम.

हा पैसा प्रश्नाला मिळतो, गावाला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर किंवा विज्ञान-तंत्रज्ञानाकडच्या संस्था प्रस्ताव मागवतात. तिथे आता २०२३ च्या कायद्यानं झालेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. एखाद्या मेडिकल कॉलेजातला किंवा विद्यापीठातला प्राध्यापक मुख्य संशोधक म्हणून अर्ज करतो. काय विचारायचंय, किती घरं, नमुना कसा निवडणार, किती वर्षं, खर्च कशावर, हे सगळं त्यात लिहावं लागतं. तज्ज्ञ ते वाचून खोडून काढतात किंवा सुधारून आणायला सांगतात. कॉलेजच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. मग माणसांचे पगार, रसायनं, प्रवास अशा ठरलेल्या शीर्षांखाली पैसा येतो आणि दरवर्षी वापर प्रमाणपत्र द्यावं लागतं. या शीर्षांत 'लाभार्थ्याचा पाइप' नसतो, आणि तो घुसडला तर लेखापरीक्षणात प्राध्यापकाच्याच गळ्याशी येतं.

योजनेचा पैसा उलट दिशेनं चालतो. तिथे उत्तर माहीत आहे असं धरूनच सुरुवात होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात राज्य दरवर्षी अंमलबजावणीचा आराखडा करतं, आणि खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवली होती. त्यापलीकडे जिल्हा नियोजन समिती. इथे विचारतात ते एवढंच: किती गावं, किती लाभार्थी, अंदाजपत्रक कुणी केलं, ३१ मार्चच्या आत खर्च झाला का. रक्तातलं शिसं खाली आलं का, हा रकानाच त्या तक्त्यात नसतो.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो हळदीच्या उदाहरणात. वसमतच्या बाजारात ज्यानं हळद विकलीय त्याला माहीत आहे, की शिजवून वाळवलेली हळकुंडं ड्रममध्ये घालून फिरवतात, वरची साल घासून जाते आणि माल पिवळाधमक दिसायला लागतो. जेवढा पिवळा, तेवढा भाव. बांगलादेशात काही ठिकाणी नेमकं या पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट ही शिसं असलेली पिवळी पूड टाकली जायची. (आपल्या हळदीवर मी आरोप करत नाहीये. ड्रम इथलाही तसाच आहे, म्हणून सांगतोय.)

पण हे कळलं कसं? तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त सापडत होतं आणि आसपास कारखाना नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेचे संशोधक संशयितांमागून संशयित तपासत गेले: शेतीची औषधं, झाळलेले डबे, माती, मसाले. शेवटी कामाला आले ते शिशाचे समस्थानिक (आइसोटोप), म्हणजे शिशाचेच, पण थोड्या वेगवेगळ्या वजनाचे अणू. प्रत्येक खाणीतल्या शिशात त्यांचं प्रमाण थोडं वेगळं असतं. ज्वारीचा दाणा हातात घेतल्यावर मालदांडी की हायब्रीड हे आपल्याकडच्या बाईला जसं कळतं, तसं त्या प्रमाणावरून शिशाचं मूळ ओळखता येतं. रक्तातलं शिसं हळदीतल्या शिशाशी जुळलं. २०१९ मध्ये हे छापून आलं.

इथे संशोधनाचा पैसा संपला आणि दुसरा सुरू झाला. बांगलादेशच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वर्तमानपत्रांतून आणि पत्रकं लावून इशारा दिला, ढाक्याच्या घाऊक बाजारात शिसं ओळखणारी, हातात धरायची एक्स-रे यंत्रं घेऊन धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. हा ४७ आणि शून्याचा आकडासुद्धा संशोधकांनीच मोजला, धाडी घालणाऱ्यांनी नाही. एका पैशानं दुसऱ्याची परीक्षा घेतली. आपल्याकडे ही साखळी बहुतेकदा याच ठिकाणी तुटते, असं माझं मत आहे. योजना राबते, तिची परीक्षा घ्यायला कुणी येत नाही.

अमेरिकेत हे दोन खिसे कागदावरच वेगळे शिवलेत. तिथे घरांना लावायच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली, पण त्याआधी रंगवलेली लाखो घरं तशीच उभी होती. १९९२ च्या कायद्यानं गृहनिर्माण खात्याला, म्हणजे हडला, ती दुरुस्त करायचा पैसा दिला. हा शहरांना आणि राज्यांना मिळतो आणि त्याचा हिशेब घरांच्या संख्येत होतो. त्याच खात्याच्या त्याच कार्यालयातून तांत्रिक अभ्यासांसाठी वेगळं अनुदान निघतं, आणि त्याला अर्ज मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था करतात. धूळ पुसून नमुना घ्यायची कोणती पद्धत भरवशाची, तात्पुरती डागडुजी किती वर्षं टिकते, ओल आणि झुरळांचा दम्याशी काय संबंध, असे प्रश्न त्यात येतात. १९९९ पासून 'निरोगी घर' या नावाखाली शिशापलीकडचे धोकेही त्यात घेतले गेले. म्हणजे एक पैसा खिडकी बदलतो आणि दुसरा विचारतो, की खिडकी बदलायची गरज होती, की स्वस्तात काम भागलं असतं.

या दोन्हींची सरमिसळ झाली की काय होतं, ते बाल्टिमोरनं पाहिलंय. १९९० च्या दशकात केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटनं पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पैशातून एक अभ्यास केला. शिशाचा रंग असलेल्या घरांची तीन पातळ्यांवर दुरुस्ती करायची, एकात १,६५० डॉलरपर्यंत, दुसऱ्यात ३,५०० पर्यंत, तिसऱ्यात ६,००० ते ७,००० पर्यंत, आणि आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात काय फरक पडतो ते बघायचं. प्रश्न खरा होता. गरीब वस्तीत पूर्ण दुरुस्ती परवडत नाही म्हणून घरमालक काहीच करत नाहीत, तर कमी खर्चात किती भागतं? पण आईला वाटत होतं, आपलं घर दुरुस्त झालं, म्हणजे लेकरू सुरक्षित. दोन मुलांच्या वतीनं दावे झाले. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये संशोधकांवर फार कडक ताशेरे ओढले आणि अशा अभ्यासात सहभागी माणसांप्रती संस्थेची कायदेशीर जबाबदारी असू शकते असं म्हटलं. त्या आयांना दुरुस्तीचा पैसा दिसला. घरात येत होता तो संशोधनाचा.

म्हणून संमतिपत्र नीट वाचायचं. अंगठा देण्याआधी वाचून घ्यायचं, समजलं नाही तर "परत सांगा" म्हणायचं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अभ्यासातून केव्हाही बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे दवाखान्यातल्या उपचारात फरक पडता कामा नये. आपल्या लेकराचा आकडा आपल्याला सांगणार का, आणि जास्त निघाला तर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. चांगला संशोधक या प्रश्नानं खूश होतो.

चुलीचं उदाहरण थोडक्यात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि १० कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. ही योजना. त्याच काळात भारतासह चार देशांत हॅपिन नावाची चाचणी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा आणि गेट्स फाउंडेशनचा पैसा, भारतातली गावं तमिळनाडूतली, एकूण सुमारे ३,२०० गरोदर बायका, निम्म्यांना गॅस. स्वयंपाकघरातला धूर चांगलाच कमी झाला, पण २०२२ मध्ये आलेल्या निकालात बाळांच्या जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. गॅस वाईट असा याचा अर्थ नाही. डोळे, खोकला, सरपणाची मोळी, ही कारणं आहेतच. पण 'फरक पडला नाही' हे उत्तर संशोधन उजळ माथ्यानं देऊ शकतं. योजनेला ते परवडत नाही.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रकार दिसतो, तो म्हणजे देखरेखीच्या तपासणीचा पैसा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवतात. बाटलीत पाणी, दोन थेंब औषध, रंगाच्या पट्टीशी ताडून बघायचं. हे संशोधनासारखं दिसतं, पण आहे योजनेचाच भाग, आणि त्या किटमध्ये फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन कळतं, शिसं कळत नाही. किनवटकडच्या फ्लोराइडच्या गावांत हे किट सोन्यासारखं आहे. पण 'किटनं पाणी पास झालं' म्हणून शिशाबद्दल निर्धास्त होऊ नका. शिशासाठी नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो.

बातमी वाचताना ओळखायचं कसं? मुख्य संशोधक, प्रस्ताव, नैतिकता समिती, नमुना, तीन वर्षांचा कालावधी, असं काही दिसलं तर पैसा संशोधनाचा. लाभार्थी, अंदाजपत्रक, निविदा, उद्दिष्ट, असं दिसलं तर योजनेचा. आमदारांच्या फ्लेक्सवर जवळपास नेहमी दुसराच असतो. पहिल्याचं उद्घाटन करायला नारळ फोडायची जागाच नसते.

त्यामुळे गावातल्या लेकरांत शिसं आहे का हे शोधायचं असेल, तर सरपंचामागे लागून उपयोग नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड-लातूरची शासकीय महाविद्यालयं किंवा संभाजीनगरची घाटी इथल्या सामाजिक औषधशास्त्र विभागाला पत्र लिहा. बॅटऱ्या फोडायची जागा कुठे, कल्हईवाला कुठून येतो, पाइप कधी टाकला, किती घरं, हे त्यात असू द्या. अर्ज लिहिणाऱ्या प्राध्यापकाला नेमकी हीच माहिती लागते. आणि पाइप बदलायचाच असेल, तर ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभेला जा. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. ठराव तिथे लिहून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत मागा.